पात्र वाचक

प्रत्येक धंद्याची स्वतःची एक छापील दुनिया असते. द्राक्ष बागायतदारांची असते, साखर कारखान्यांची असते, छपाईवाल्यांचीही असते. बाहेरच्या माणसाला तिचा पत्ता नसतो आणि आतल्या माणसाला तिचं कौतुक नसतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्याची अशी दुनिया मी बरीच वर्षं जवळून पाहिली. भोसरीच्या एका कारखान्यात मी खरेदी खात्यात होतो आणि टपालाने येणारी ती मासिकं उघडणं माझ्या कामातच धरलेलं होतं. आता त्यातली बहुतेक बंद झाली किंवा पडद्यावर गेली. साहित्यिक मासिक बंद पडलं की आपल्याकडे लेख येतात, सभा होतात. ट्रान्झिस्टरच्या मासिकाचा जनाजा कुणी काढत नाही.

आणि तरी या मासिकांत काय काय छापून गेलंय पाहा. ज्याला सगळे ‘मूरचा नियम’ म्हणतात तो एखाद्या विद्यापीठाच्या शोधपत्रिकेत आला नव्हता. ‘इलेक्ट्रॉनिक्स’ नावाच्या अमेरिकन व्यापारी मासिकाच्या 19 एप्रिल 1965 च्या अंकात तो आला. मासिकाला पस्तीस वर्षं झाली म्हणून संपादकांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टरमधल्या गॉर्डन मूर यांना पुढच्या दहा वर्षांचा अंदाज लिहायला सांगितलं. चार पानांचा मजकूर. एका चिपवर मावणाऱ्या भागांची संख्या दरवर्षी दुप्पट होतेय आणि 1975 पर्यंत ती 65 हजारांवर जाईल, असं त्यात होतं. सोबत एक व्यंगचित्र होतं: मोठ्या दुकानात सुई-दोरा आणि सौंदर्यप्रसाधनं यांच्या मधल्या काउंटरवर एक विक्रेता घरगुती संगणक विकतोय. तेव्हा तो निव्वळ विनोद होता.

मूर पुढे इंटेलचे संस्थापक झाले. 2005 मध्ये त्या लेखाला चाळीस वर्षं झाली तेव्हा इंटेलला त्या अंकाची मूळ प्रत हवी होती. मूर यांनी आपली प्रत कधीतरी कुणाला वाचायला दिली होती, ती परत आली नव्हती. (पुस्तक उसनं नेणारे सगळीकडे सारखेच.) कंपनीने 10 हजार डॉलरचं बक्षीस लावलं, तशा ग्रंथालयांनी आपल्या प्रती कुलपात घातल्या, अमेरिकेतल्या एका विद्यापीठातून तर एक प्रत नाहीशीही झाली. शेवटी अंक मिळाला इंग्लंडमधल्या एका इंजिनियरकडे. त्याने जुने अंक घराच्या फरशीखाली जपून ठेवले होते.

‘सिलिकॉन व्हॅली’ हे नावही एका व्यापारी साप्ताहिकातूनच जगभर गेलं. डॉन हफलर या बातमीदाराने 11 जानेवारी 1971 पासून ‘इलेक्ट्रॉनिक न्यूज’मध्ये एक लेखमाला लिहिली, तिच्या मथळ्यात ते होतं. हे साप्ताहिक ज्या प्रकाशनसंस्थेचं, तिची खरी ओळख बायकांच्या तयार कपड्यांच्या धंद्याचं वर्तमानपत्र ही होती. कापडाच्या बाजारात भाव कसा फिरतो, कोण कोणाला सोडून गेलं, कुणाचा माल पडून आहे, हे सांगायची सवय असलेल्या लोकांनी तीच नजर चिपच्या धंद्याकडे वळवली. भिवंडीत ज्याने चार दिवस काढलेत त्याला यात नवल वाटणार नाही.

आता या मासिकांचा आर्थिक हिशोब सांगतो, कारण माझं खरं म्हणणं तिथे आहे.

यातली बरीच मासिकं फुकट होती. 1972 मध्ये सुरू झालेलं ‘ईई टाइम्स’ घ्या किंवा 1956 पासूनचं ‘ईडीएन’ घ्या, वर्गणी नाही. पण मागेल त्याला मिळायचं असंही नाही. आधी एक फॉर्म भरायचा. तुमचं पद कोणतं? तुमच्या कारखान्यात माणसं किती? वर्षाला सुटे भाग किती रकमेचे घेता? कोणता भाग घ्यायचा हे तुम्ही ठरवता, सुचवता की नुसती सही करता? उत्तरं पसंत पडली तर तुम्ही ‘पात्र’, आणि मासिक तुमच्या टेबलावर. दरवर्षी फॉर्म पुन्हा भरायचा, नाहीतर नाव कापलं जायचं. अशी पात्र नावं किती आहेत हे तटस्थ संस्था तपासून द्यायची आणि त्या आकड्यावर जाहिरातीचा दर ठरायचा. म्हणजे मासिक विकलं जात नव्हतं. विकला जात होता वाचक.

मागच्या पानांत एक जोडकार्ड असायचं, त्यावर आकडेच आकडे. अमेरिकेत त्याला ‘बिंगो कार्ड’ म्हणत. प्रत्येक जाहिरातीखाली एक नंबर. तुम्हाला त्या मालाची माहिती हवी असेल तर कार्डावरच्या त्या नंबराला गोल करायचा आणि टपालात टाकायचं. काही आठवड्यांनी कॅटलॉग यायचे, कधी त्यांच्या मागोमाग विक्रेताही यायचा. मला या पद्धतीबद्दल राग नाही. या मासिकांतले लेख चांगले असत, कारण लिहिणारे स्वतः इंजिनियर असत आणि वाचणाऱ्याला फसवणं सोपं नसे. पण आमच्या कारखान्यात अंकावर एक चिठ्ठी टाचलेली असायची, वाचून झालं की आपल्या नावापुढे टिक करून पुढे द्यायची. पहिलं नाव जनरल मॅनेजरचं, शेवटचं माझ्या हाताखालच्या क्लार्कचं. ज्या वायरमनच्या आणि टेस्टिंगवाल्या मुलींच्या हातून ते भाग बोर्डावर बसत होते, त्यांची नावं त्या चिठ्ठीवर मी कधी पाहिली नाहीत.

माझ्या मामूंचं चिपळूणच्या बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. कोकणातल्या मुसलमान घरांत ज्यांचे बाप-भाऊ कुवेत, दुबई, सौदीला होते, त्यांच्याकडे टू-इन-वन लवकर आले. जो सुट्टीवर येई त्याच्या सामानात एक असायचाच. मग तो 110 व्होल्टवर ठेवलेला सेट कुणीतरी आपल्या 220 च्या बोर्डात घाली, ट्रान्सफॉर्मर जळे आणि दुसऱ्या दिवशी चादरीत गुंडाळून सेट मामूंच्या दुकानात. जपानी मालाचे डायग्रॅम मिळणं मुश्किल. मामू उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. इंग्रजी अक्षर ओळखायचे, वाक्य लागायचं नाही. पण डायग्रॅम ते कुराणशरीफच्या पारा पाठ असलेल्या हाफिजासारखा वाचत. बोट ठेवून सप्लायपासून निघायचे आणि स्पीकरपर्यंत पोचायचे.

त्यांच्याकडे ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’चे अंक होते. 1969 मध्ये दिल्लीत सुरू झालेलं हे मासिक आपल्या देशातलं या विषयातलं सगळ्यात ओळखीचं नाव. त्यात उद्योगाच्या बातम्याही असत आणि घरी बनवता येतील अशी सर्किटंही, सोबत पीसीबीचा नकाशा. वाचकांनी पाठवलेली सर्किटं छापत. मुंबईला माल आणायला गेले की लॅमिंग्टन रोडवरून मामू नवे अंक घेत आणि फुटपाथवरून जुने किलोने. हे मासिक पैसे देऊन मिळत होतं आणि म्हणूनच मामूंना मिळत होतं. ते फुकट असतं तर फॉर्म भरावा लागला असता, आणि ‘वर्षाला किती रकमेचे भाग घेता’ या रकान्यात चिपळूणचा मेकॅनिक बसला नसता. हे मला फार उशिरा लक्षात आलं. जे फुकट असतं ते गरिबाला मिळतं असं आपण धरून चालतो. इथे नेमकं उलट होतं.

26 जुलै 2005 च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी दुकानात शिरलं. अंकांचे गठ्ठे भिजून फुगले आणि उन्हात टाकले तेव्हा पानाला पान चिकटलं. ज्या वर्षी एका जुन्या अंकाला 10 हजार डॉलर मिळाले तेच हे वर्ष. मामूंनी गठ्ठे कचरागाडीत टाकले. मी हळहळलो तर म्हणाले, “डोक्यात आहेत. आणि ते सेट तरी आता कोण आणतं?”

छापील मासिकांचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगून टाकतो. जाहिराती इंटरनेटवर गेल्या, डेटाशीट कंपन्यांच्या साइटवर फुकट मिळू लागल्या, मग कॅटलॉगसाठी कार्ड कोण भरणार? 2012 संपता संपता ‘ईई टाइम्स’ची छापील आवृत्ती थांबली. 2016 मध्ये ते, ‘ईडीएन’ आणि त्यांची भावंडं अ‍ॅरो इलेक्ट्रॉनिक्सने विकत घेतली. अ‍ॅरो ही जगातल्या मोठ्या घाऊक वितरकांपैकी एक, म्हणजे सुटे भाग विकणारी कंपनी. संपादक स्वतंत्र आहेत असं तेव्हा सांगण्यात आलं आणि त्यात खोटं काही असेल असं मी म्हणत नाही. पण एकेकाळी दुकानदार मासिकात जाहिरात द्यायचा, तेव्हा मासिकच दुकानदाराच्या घरात राहायला गेलं. माझ्यासारख्या खरेदीवाल्याला हे खटकलं. भाग मिळत नसताना ‘मिळत नाही’ असं लिहिणारा कुणीतरी बाहेरचा हवा असतो.

बिंगो कार्ड मात्र मेलं नाही. त्याने कपडे बदलले. आज एखाद्या चिपविषयी चांगला लेख वाचायचा तर ‘डाउनलोड’वर बोट ठेवताच फॉर्म उघडतो: पद, कंपनी, प्रकल्प कोणत्या टप्प्यावर, खरेदी कधी. वेबिनारचंही तेच.

इकडे दुरुस्तीचा धंदा वाढलाच आहे. माझा भाचा, मामूंचा नातू, मुंबईत मोबाइल दुरुस्त करतो. त्याच्या गल्लीत आपली मुलं भरपूर. शिक्षण दहावी, फार तर आयटीआय, पण मायक्रोस्कोपखाली वाळूच्या कणाएवढा कंडेन्सर बसवतात. कंपन्या डायग्रॅम देत नाहीत. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल काढलं, तिथे ग्राहकाला अधिकृत सेवाकेंद्र सापडतं, पण भाच्याला हवा असतो बोर्डाचा नकाशा. तो त्याला चिनी सॉफ्टवेअरमधून वर्षाचे पैसे भरून मिळतो. बाकीचं शिक्षण यूट्यूबवर: दिल्लीचा एक उस्ताद, कराचीचा एक. कराचीवाल्याचं उर्दू त्याला मास्तरांच्या उर्दूपेक्षा चांगलं कळतं. मराठीत असं काही आहे का विचारलं तर हसला. “मामा, फॉल्ट मराठीत सांगायला गिऱ्हाईक आहे ना.”

देशात चिपचे कारखाने यावेत म्हणून केंद्राने 2021 मध्ये 76 हजार कोटींची योजना जाहीर केली. त्यानंतर इंग्रजी व्यापारी अंकांत भारतावर पानंच्या पानं येऊ लागली: जमीन, पाणी, सवलती, करार. मी अजून वाचतो, सवय आहे. दुरुस्ती करणारा माणूस त्या पानांत भेटत नाही. त्याने माल विकत घेतला तर चार रुपयांचा घेतो, आणि वर जुना फोन आणखी तीन वर्षं चालवतो. जाहिरातदाराला असला वाचक कशाला हवा?

मागच्या महिन्यात भाच्याला चार्जिंगच्या एका नव्या आयसीवरचा लेख हवा होता. फॉर्म मीच समोर बसून वाचून दाखवला. पदांच्या यादीत डिझाइन इंजिनियर होता, खरेदी व्यवस्थापक होता, विद्यार्थीही होता. दुरुस्ती करणारा नव्हता. त्याने ‘इतर’ निवडलं, दुकानाचं नाव टाकलं, आपला जीमेलचा पत्ता दिला. लाल अक्षरात उत्तर आलं की कंपनीचा ईमेल द्या. त्याने खिडकी बंद केली आणि कराचीवाल्याचा व्हिडिओ लावला.