भोसरीला नाटक पाहायला जाताना

मंडळी, चाकणच्या बाजारात कांदा-बटाटा घेऊन जाणे तुम्हाला नवे नाही. माल उतरवला, पट्टी हाती पडली की आपण परतीची वाट धरतो. पण कधी सवड काढून तसेच नाशिक रस्त्याने पुढे जा. मोशीजवळ इंद्रायणी ओलांडली की भोसरी येते. तिथे कारखान्यांच्या गजबजाटात अंकुशराव लांडगे नाट्यगृह आहे. आणखी पुढे पिंपरीला आचार्य अत्रे रंगमंदिर आणि चिंचवडला रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह. ही नगरी नुसती यंत्रांची नव्हे बरे! २०२४ च्या जानेवारीत शंभरावे नाट्यसंमेलन इथेच भरले होते.

आमच्या मामांना मी असाच एकदा नाटकाला नेला. मामा जुने तमाशाचे शौकीन. नारायणगावच्या राहुट्यांपर्यंत जाऊन सुपारी ठरवणारे. मामींनाही यायचे होते, पण म्हैस व्यायला झालेली. त्या घरीच राहिल्या.

तिसरी घंटा झाली, दिवे मालवले, पडदा उघडला. दुसऱ्या अंकात म्हातारा बाप लेकीपुढे आपली चूक कबूल करायला उभा राहिला. सारे नाट्यगृह चिडीचूप. तेवढ्यात मामांनी मोबाईल वर धरला आणि लख्खकन उजेड पडला! बाप झालेल्या नटाची नजर क्षणभर आमच्याकडे वळली, वाक्य अडखळले. मागची माणसे चुकचुकली. दाराशी उभा असलेला मुलगा वाकून हळूच म्हणाला, "काका, मोबाईल आत ठेवा."

मामा ओशाळले. मध्यंतरात म्हणाले, "अरे, तुझ्या मामीला दाखवावा म्हणून काढत होतो. जत्रेत कुणी काही म्हणत नाही."

मी म्हटले, "मामा, जत्रेत तुम्ही शिट्टी मारली की फड रंगतो. इथे अंधार आणि शांतता यांवरच सगळा खेळ. रात्री दारे धरताना कुणी मधेच पाट फोडला तर शेवटच्या वाफ्याला पाणी पोचेल का?"

मामा काही बोलले नाहीत. पण त्यांनी मोबाईल बंदच करून टाकला.

वाचकहो, ही तक्रार एकट्या भोसरीची नाही. प्रयोगात वाजणाऱ्या मोबाईलला कंटाळून सुबोध भावे यांनी २०१९ साली, हे असेच चालले तर नाटकात काम करणे थांबवू, असे जाहीरपणे म्हटले होते. कायदाही कलावंताच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली सुधारणा झाली आणि आपल्या प्रयोगावर कलावंताचा हक्क मान्य झाला. त्याच्या संमतीवाचून प्रयोगाचे चित्रण करून ते गावभर पाठवता येत नाही. जत्रेतल्या तमाशालाही हे लागू आहे. लावणीचा एखादा तुकडा मोबाईलवर फिरतो, त्याखाली कुणी वाटेल ते लिहितो. ते सोसावे लागते त्या बाईला, तिच्या मुलाबाळांना. म्हणून तिथेही आधी विचारावे.

तेव्हा नाटकाला जाल तेव्हा एवढे सांभाळा. घंटेच्या आधी जागेवर बसा. मोबाईल बंद करा. नुसता आवाज बंद करून भागत नाही, उजेडही दिसतो. रडणारे लेकरू असेल तर कडेची खुर्ची घ्या, म्हणजे पटकन बाहेर जाता येते. फोटो हवाच असेल तर प्रयोग संपल्यावर दाराशी विचारा. सवड असली तर पुष्कळ कलावंत आनंदाने उभे राहतात.

त्या रात्री मामांनीही विचारले. तो 'बाप' हसून त्यांच्या शेजारी उभा राहिला आणि फोटो झाला.

घरी पोचलो तेव्हा मामी गोठ्यात कंदील घेऊन बसल्या होत्या. मामांनी फोटो दाखवला. मामींनी तो एकदा पाहिला आणि म्हणाल्या, "हे राहू द्या. त्या लेकीने बापाला माफ केले का, ते आधी सांगा."

मामांनी पहाटेपर्यंत सारे नाटक सांगितले. त्यांना एकही वाक्य सुटले नव्हते. सुटले ते फक्त मोबाईल वर धरला होता तेव्हाचे.