गिंबलची पारख

तुळशीची लग्ने आटोपून मुहूर्तांचा हंगाम जवळ आला, की लग्नाच्या शूटिंगच्या व्यवसायात नव्याने उतरलेले तरुण पुण्याच्या निरनिराळ्या पेठांतून माझ्याकडे येतात आणि ‘सर, बजेट बेताचे आहे, कुठला गिंबल घेऊ?’ असे विचारतात. त्यावर मी त्यांनाच उलट विचारतो, की तुमचा कॅमेरा आणि लेन्स मिळून वजन किती भरते. आणि बहुतेकांनी ते काट्यावर घालून कधी पाहिलेलेच नसते.

१९३३ साली कोल्हापूरहून पुण्यास आलेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या ज्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे, तेथील विद्यार्थी रुळांवरून सरकणाऱ्या ट्रॉलीवर आपला हात बसवितात; परंतु वऱ्हाडालाच उभे राहावयास जागा अपुरी पडते अशा मंगल कार्यालयात रूळ कोण अंथरू देणार? १९७५ च्या सुमारास गॅरेट ब्राउन यांनी सिद्ध केलेल्या स्टेडिकॅममध्ये कॅमेऱ्याचा भार अंगावरच्या जाकिटाने पेलला जाई आणि पावलांचे धक्के स्प्रिंगच्या बाहूत जिरून जात. पुढे २०१३ मध्ये मोटारींच्या जोरावर कॅमेरा सावरणारा ‘मूव्ही’ हा गिंबल आला, त्याची किंमत सुमारे १५,००० डॉलर होती; आणि दहाच वर्षांनी, २०२३ च्या आरंभी, डीजेआय कंपनीचा आरएस ३ मिनी ३६९ डॉलरांस बाजारात आला. ही किफायत अपूर्व आहे यात संशय नाही, पण स्टेडिकॅमचा तो स्प्रिंगचा बाहू या हातात धरावयाच्या गिंबलला नाही, ही गोष्ट खरेदीदाराने विसरू नये. गिंबलच्या तीन मोटारी कॅमेऱ्याचे वळणे, झुकणे आणि कुशीवर कलणे क्षणार्धात सावरतात; चालताना संबंध शरीर जे वर-खाली होते, त्यावर मात्र त्यांची सत्ता चालत नाही. तो धक्का गुडघे किंचित वाकवून, आधी टाच आणि मग चवडा टेकवीत, आपल्या पायांनीच जिरवावा लागतो. दहा हजार रुपये अधिक मोजून हे कसब कोणत्याही दुकानात मिळत नाही.

वजनाचा हिशेब असा. सोनीचा ए सेव्हन थ्री हा कॅमेरा बॅटरीसह ६५० ग्रॅम आणि त्यावर टॅमरॉनची पहिली २८-७५ लेन्स ५५० ग्रॅम, म्हणजे भार सव्वा किलोच्या आतच राहतो, आणि २ किलो क्षमतेचा आरएस ३ मिनी तो सुखाने पेलतो. छापील क्षमतेच्या दोन-तृतीयांशाहून अधिक भार लादावयाचा नाही, असा माझा शिरस्ता आहे. कारण भार काठोकाठ गेला, की मोटारी गुणगुणू लागतात, तापतात आणि चित्रात एक बारीक थरथर उतरते, जी घरी मोठ्या पडद्यावरच दिसते. दुकानात गेल्यावर गिंबल चालू करण्याची घाई करू नये. तो बंद ठेवून आपलाच कॅमेरा त्यावर चढवावा, पट्टा काढून आणि माइक लावून. लेन्स वर, खाली आणि तिरपी धरून हात सोडावा, आणि जेथे सोडली तेथेच ती थांबली तर तोल साधला असे समजावे. झूम करताना लेन्सची नळी पुढे येते व हा तोल ढळतो, सबब विधी चालू असताना एकच टप्पा धरून राहावे.

अंतरपाट दूर होतो तो क्षण मी गिंबलवर घेत नाही. त्या वेळी अक्षतांसाठी सारा समाज उठून उभा राहतो, मागून धक्के बसतात, तांदळाचे दाणे उपकरणाच्या सांध्यांत शिरतात. तिथे उंच तिपाईवरचा दुसरा कॅमेराच विश्वासाचा. मामाचा हात धरून वधू बोहल्याकडे येते ती वाट, आणि सप्तपदीच्या वेळी तांदळाच्या राशींवर पडणारी तिची पावले, ही गिंबलची खरी कामे. सप्तपदीला तो उलटा धरून कॅमेरा जमिनीलगत न्यावा आणि वधूच्या चालीनेच मागे सरकावे. त्या वेळी हलका गिंबल आणि भारी गिंबल यांतला फरक मनगटाला तत्काळ कळतो. हळदीच्या कार्यक्रमात पाणी उडते आणि असली स्वस्त उपकरणे जलरोधक नसतात, तेव्हा तेथे ते पेटीतच ठेवणे बरे.

ज्यांची हंगामात थोडीच कामे ठरली आहेत, त्यांनी एका लग्नापुरता गिंबल भाड्याने आणून सीमांतपूजनापासून वरातीपर्यंत तो जातीने वागवून पाहावा, आणि मगच खरेदीची तजवीज करावी. त्यातही सगळी पुंजी या एका जिनसावर घालू नये. मंगलाष्टके म्हणताना आत्याचा किंवा आजीचा कंठ दाटून येतो. ते स्वच्छ ऐकू यावे म्हणून एका चांगल्या ध्वनिमुद्रकाची तरतूद गिंबलच्याही आधी करावी, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.