पिलांचं पोट

शाळेमागची कुत्री ट्रकखाली गेली. मागे महिन्या-दीड महिन्याची पाच पिलं. एक सहकारी म्हणाले, "नापाक जनावर, हाकला." तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची गोष्ट ऐकलेली चौथीची पोरं मात्र बशीभर दूध, डब्यातलं सालन आणू लागली. पिलांना जुलाब लागले, एक गेलं. गाईच्या दुधातली साखर त्यांना नीट पचत नाही. कांदा-लसूण तर विषच.

मग मऊ भात, बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी, दिवसातून चारदा, थोडं थोडं. पाणी सतत. पोटं सावरल्यावर पिलांचं तयार खाणं: दोन दिवस पाव हिस्सा, मग निम्मं, मग पाऊण. पूर्ण बदलायला आठवडा लागतो, नाजूक पोटाला जास्तच. शी पातळ झाली की एक पायरी मागे. रक्त दिसलं तर थेट गुरांचा डॉक्टर, घरगुती इलाज नाही.

तिघं आता तेच खातात. चौथं अजून निम्म्यावर आहे.