सत्यप्रत

डीव्हीडीची प्रत काढायला कुठले सॉफ्टवेअर चांगले आणि कोरी डिस्क कुठल्या कंपनीची घ्यावी, हा प्रश्न वीस वर्षांपूर्वी सगळेच विचारत. आता कुणी विचारत नाही. नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नसते आणि सिनेमा पाहायला डिस्क लागत नाही. मग आज हा विषय कशाला, असे तुम्ही म्हणाल. सांगतो. आपल्या गोव्यात कितीतरी घरांत, टीव्हीखालच्या कपाटात, २००३ ते २०१२ या काळातल्या चार-पाच डीव्हीडी पडून असतात. लग्न, मुंज, चवथीची आरती, देवळातला सप्ताह, जत्रेतले नाटक. व्हिडिओवाल्याने प्लास्टिकच्या डबीत घालून दिलेल्या. या डिस्क हळूहळू मरत आहेत, आणि बहुतेकींची दुसरी प्रत जगात कुठेही नाही.

आमच्या घरातली अशी एक डिस्क मला या वाटेला घेऊन गेली. आमचे गाव फोंडा तालुक्यातले. जत्रेला गावातल्याच मंडळींनी संगीत नाटक करायचे ही जुनी रीत. दिवसा कुणी भाटात, कुणी शाळेत, कुणी बँकेत. दोन महिने रात्रीच्या तालमी. आणि जत्रेच्या रात्री तोंडाला रंग लावून सगळे उभे. २००६ साली ‘सौभद्र’ झाले. बाबांनी नारद केला. पहाटे चारपर्यंत चाललेल्या त्या प्रयोगाच्या तीन डीव्हीडी झाल्या. व्हिडिओवाल्याच्या मूळ टेप पुढच्या लग्नाच्या हंगामात पुन्हा वापरल्या गेल्या. त्या धंद्याचा तेव्हाचा रिवाजच तो. २०१४ मध्ये बाबा गेले. त्यांचे गाणे राहिले ते एवढेच, पहिल्या डिस्कच्या शेवटच्या अर्ध्या तासात.

शेवटच्या अर्ध्या तासात का? कारण पडदा उघडण्याआधी आमच्याकडे भाषणे आणि सत्कार व्हावे लागतात! देवस्थान समिती, पाहुणे, नारळ, शाल, मग नांदी. २०१९ च्या चवथीत डिस्क लावली तर भाषणे स्वच्छ दिसली आणि नारद आल्यावर चित्राचे चौकोन झाले, आवाज तुटू लागला. यामागे दैव नाही, रचना आहे. डीव्हीडीवरची माहिती आतल्या बाजूने सुरू होऊन बाहेरच्या कडेकडे जाते. दोन पातळ प्लास्टिकच्या चकत्या, प्रत्येकी ०.६ मिलिमीटरच्या, मध्ये रंगाचा आणि धातूचा थर, आणि हे सगळे गोंदाने चिकटवलेले. घरी लिहायच्या डिस्कमधला तो रंग सेंद्रिय असतो. लेसरने तो जागोजागी पोळला की माहिती उमटते. ऊन, उष्णता आणि दमट हवा हे त्याचे शत्रू. आपल्याकडे चार महिने पाऊस. कड हा सगळ्यांत उघडा भाग, म्हणून बिघाड पुष्कळदा तिथूनच आत येतो. म्हणून भाषणे शाबूत आणि नारद धोक्यात.

मी सरकारी कार्यालयातला कारकून, पदवी कला शाखेची. पण कागद जपणे हा माझा पेशा आहे, तेव्हा मी हे प्रकरण फाईलसारखेच हाताळायचे ठरवले.

पहिला नियम भाच्याने सांगितला: बिघडलेली डिस्क पुन्हा पुन्हा लावून पाहायची नाही. आधी तिच्यातले जे निघते ते काढून घ्यायचे. त्यासाठी डिस्कमधल्या फायली ओढून घेण्यापेक्षा संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा करावी, तिला आयएसओ फाईल म्हणतात. डिस्क धडधाकट असेल तर विंडोजवर ‘इमगबर्न’ पुरेसे आहे. त्याची शेवटची आवृत्ती २०१३ ची, तरी ते अजून काम करते आणि फुकट आहे. इंटरनेटवरून उतरवताना सोबत दुसरे काही चिकटून येत नाही ना, तेवढे पाहावे.

आजारी डिस्कसाठी मात्र लिनक्सवरचे ‘डीडीरेस्क्यू’. हे साधन मला फार आवडले, कारण त्याची पद्धत चांगल्या हेडक्लार्कची आहे. आधी सोपे तेवढे सगळे वाचून घेते. अडणाऱ्या जागांवर वेळ न घालवता त्यांची यादी करते आणि मग सावकाश त्या प्रलंबित यादीकडे वळते. ही यादी फाईलमध्ये राहते, त्यामुळे काम थांबवून दुसऱ्या दिवशी पुढे नेता येते. त्याहून मोठी सोय म्हणजे ड्राइव्ह बदलून तीच यादी पुढे चालवता येते. एका ड्राइव्हला जे वाचता येत नाही ते दुसऱ्याला येते. आम्ही आधी माझा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह लावला, मग भाच्याच्या जुन्या डेस्कटॉपमधला. दोन रात्री गेल्या. शेवटी सुमारे ३०० सेक्टर उरले. एक सेक्टर २०४८ बाइटचा, म्हणजे सगळे मिळून जेमतेम एका सेकंदाचे चित्र. साडेचार तासांच्या नाटकातला एक सेकंद गेला, आणि तो नारदाच्या पदात नाही, टाळ्यांत आहे.

आता ‘डीव्हीडी श्रिंक’विषयी. एके काळी घरोघरी असलेले हे सॉफ्टवेअर ८.५ जीबीची डिस्क दाबून ४.७ जीबीत बसवत असे. बाजारातल्या सिनेमापुरते ते चालून गेले. घरच्या चित्रीकरणाला ते लावू नये. दाबले की चित्राचा कस जातो आणि गेलेला परत येत नाही. व्हिडिओवाल्याच्या डिस्क बहुधा ४.७ जीबीच्याच असतात. प्रतिमा जशीच्या तशी मावते.

बाजारातल्या सिनेमाच्या डिस्कचे शास्त्रही वेगळे आणि कायदाही वेगळा. त्यांना बहुधा कुलूप असते. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणे हा २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ नुसार गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मी त्या वाटेला जात नाही. सिनेमा दुसरीकडून पुन्हा मिळतो. बाबांचा नारद मिळत नाही. कशाची प्रत काढावी, हे ठरवायला मला एवढी कसोटी पुरते.

आता डिस्क. खोक्यावरचे नाव आणि आतला कारखाना एकच असेल असे नाही. डिस्कच्या आतल्या भागात उत्पादकाचा संकेत कोरलेला असतो आणि इमगबर्न तो दाखवते. जाणकार पूर्वी दोन नावे घेत: जपानची तायो युदेन आणि मित्सुबिशी केमिकलची व्हर्बेटिम. तायो युदेनने २०१५ च्या अखेरीस हा धंदा बंद केला. व्हर्बेटिमचे नाव तैवानच्या सीएमसी मॅग्नेटिक्सकडे द्यायचे २०१९ मध्ये ठरले. आपल्या देशातली मोझर बेअर, जगातल्या मोठ्या डिस्क उत्पादकांपैकी एक, २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. म्हणजे ‘चांगली कंपनी कुठली’ याचे जुने उत्तर आज तसेच लागू नाही. थोड्या घ्याव्यात, संकेत पाहावा, एक लिहून तपासावी, मग बाकीच्या घ्याव्यात. जुन्या प्लेअरवर लावायची असेल तर डीव्हीडी-आर सोयीची. १६ एक्सची डिस्क असली तरी मी ८ एक्सवर लिहितो. सात-आठ मिनिटे लागतात, घाई कशाला?

आणि लिहून झाल्यावर ‘व्हेरिफाय’ हा पर्याय कधीही टाळू नये. यात सॉफ्टवेअर नवी डिस्क पहिल्यापासून वाचते आणि मूळ प्रतिमेशी ताडून पाहते. आमच्या कार्यालयात झेरॉक्स म्हणजे सत्यप्रत नव्हे. मूळ कागद समोर ठेवून, ओळ न् ओळ पाहून, सही-शिक्का झाला की ती सत्यप्रत. डिस्कचेही तसेच आहे. न ताडलेली प्रत ही नुसती समजूत.

डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नये. तोल जातो आणि ओल धरली जाते. पाण्याच्या शाईच्या पेनने मधल्या पारदर्शक कड्यावर नाव लिहावे. उभी ठेवावी, अंधारात, सोबत सिलिका जेलची पुडी. पुसायची तर मधून बाहेर, सरळ रेषेत.

हजार वर्षे टिकणारी डिस्क घ्यावी का, असेही मला विचारतात. एम-डिस्क नावाची ती डिस्क खरी आहे. तिच्यात सेंद्रिय रंगाऐवजी दगडासारखा थर असतो आणि लिहायला ती मानणारा ड्राइव्ह लागतो. मात्र ती काढणाऱ्या मूळ कंपनीचे दिवाळे २०१६ मध्येच निघाले. डिस्क हजार वर्षे राहीलही, पण ती वाचणारे यंत्र कुठून आणणार? सोनीने २०२५ च्या फेब्रुवारीत लिहिण्याच्या ब्ल्यू-रे डिस्कचे उत्पादन थांबवले. वारा कुठल्या दिशेचा आहे ते दिसतेच आहे.

पणजीचे आपले पुराभिलेखागार १५९५ साली दियोगु दु कोतु यांच्या देखरेखीखाली सुरू झाले. तिथला कागद नुसत्या डोळ्यांनी वाचता येतो, हे त्याचे भाग्य. आपल्या डिस्कला ते भाग्य नाही. तिची तुलना पोथीशी करावी. पोथी टिकली ती ताडपत्राच्या किंवा कागदाच्या बळावर नव्हे. दर दोन-तीन पिढ्यांनी कुणीतरी बसून तिची नक्कल केली म्हणून टिकली. जिथे नक्कल करणारा उरला नाही तिथली पोथी कसरीने खाल्ली. चांगली डिस्क आणि चांगले सॉफ्टवेअर आपल्याला पुढच्या नकलेपर्यंतचा वेळ मिळवून देतात, त्याहून अधिक काही नाही. म्हणून माझ्याकडे आता ‘सौभद्र’ तीन ठिकाणी आहे: डिस्कवर, हार्ड डिस्कवर आणि ताईकडे बेळगावला पेन ड्राइव्हवर. दर वर्षी दिवाळीच्या साफसफाईत तिन्ही तपासायच्या, हे ठरलेले.

नाटकातल्या चौदा जणांपैकी सात आज नाहीत. प्रत्येकाच्या घरी एकेक प्रत पोचवावी असे मनात आले आणि मी निघालो. एका घरी सूनबाईने विचारले, प्लेअर कुठे आहे आता? त्यांना पेन ड्राइव्ह दिला. अर्जुन झालेले काका आता ऐंशीच्या पुढचे, दृष्टी अधू. पाकीट हातात घेऊन त्यांनी एवढेच विचारले, “म्हजो आवाज आसा मरे तातूंत?”

आहे, म्हणून सांगितले. ताडून पाहिला होता.