बाकांचं भाडं

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या अनेक चर्चांत बाकं भाड्याने दिली जात. पुढची जागा पैसेवाल्यांची. बी. टी. रॉबर्ट्स या मेथडिस्ट पाळकाने 1857 मध्ये आपल्याच चर्चच्या या वळणावर लेख लिहिला. पुढच्याच वर्षी त्याला बाहेर काढलं. 1860 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पेकिन गावी फ्री मेथडिस्ट चर्च स्थापन झालं. बसायला भाडं नाही, गुलाम बाळगणाऱ्याला थारा नाही, आणि सुवार्ता आधी गरिबाला. विदर्भातल्या यवतमाळच्या फ्री मेथडिस्ट मिशनचं मूळ या भांडणात आहे.

•

अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे फ्री मेथडिस्ट मिशनरी जोडपं 1881 साली भारतात आलं, ते बऱ्हाणपुरात. पुढे यवतमाळ हे या मिशनचं मुख्य ठाणं झालं. पांढरकवड्याकडे उमरीला मिशन हॉस्पिटल उभं राहिलं. हा दवाखाना मला त्या मिशनच्या धर्मशास्त्राचाच भाग वाटतो. गरीब आधी, असं एकदा म्हटलं की बाळंतीण आणि तापाने फणफणलेलं पोर यांच्यापासून सुरुवात करावी लागते.

•

जुन्या फ्री मेथडिस्टांना उपासनेत वाद्य चालत नसे. ती बंदी 1943 नंतर सैल होत गेली. आपल्याकडे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला भजन-कीर्तनात आणलं होतं. टाळ-पेटीशिवाय मराठी मंडळी कशी गाणार? सोनं न घालण्याचा नियमही असाच. मंगळसूत्र घालणाऱ्या बाईला तो वेगळाच ऐकू येतो. हे नियम त्या काळाचे होते. ते गेले तरी गरिबाची जागा पुढे राहू शकते, म्हणून मला त्यांची हळहळ वाटत नाही.

•

बायकांना पाळकीय दीक्षा द्यावी, असं रॉबर्ट्स 1891 मध्ये पुस्तक लिहून सांगत होता. त्याच्या चर्चने ती पूर्णपणे मान्य केली 1974 मध्ये. संस्थापकाच्या मागे त्याचीच मंडळी इतकी वर्षं रेंगाळली! आपल्याकडच्या पंडिता रमाबाईंची मुलगी मनोरमा शिकली ती रॉबर्ट्सनेच न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्थ चिलीत काढलेल्या शाळेत. खेड्यातल्या प्रार्थनासभा चालवणाऱ्या बायकांकडे पाहून उपदेशाची जागा त्यांना मोकळी करायला हवी, असं मी ठामपणे म्हणेन.

•

आपल्याकडे बाकाचा प्रश्न जातीचा आहे. प्रभुभोजनाला सगळे एका रांगेत, आणि सोयरीक जुळवताना मूळ जातीची चौकशी. त्यात 1950 च्या राष्ट्रपती आदेशामुळे ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. या अन्यायाविरुद्ध चर्चने बोलायलाच हवं. पण सोयरिकीतली चौकशी कुठल्या आदेशाने आलेली नाही. रॉबर्ट्सचा वारसा सांगणाऱ्या मंडळीने तिच्यावर उपदेश करावा, लग्नं लावताना तो पाळावा.

•

पाळक घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 पासून यवतमाळात होती. निरनिराळ्या मिशनांचे, देशभरचे विद्यार्थी या कापसाच्या गावात शास्त्र शिकले. 1983 मध्ये ती पुण्यात बिबवेवाडीला गेली. शहरात सोयी मिळतात, संपर्क वाढतो, हे खरंच. तरी कर्जात बुडालेल्या कोरडवाहू शेतकऱ्याचं घर जवळ असताना लूककृत शुभवर्तमान शिकणं वेगळं होतं. भावी पाळकांना काही महिने तरी यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब, राळेगाव, झरीच्या खेड्यांत राहायला पाठवावं. आणि तेही पेरणीच्या किंवा कापूस वेचणीच्या हंगामात.