दुसऱ्यातला र

सोसायटीचा कॉम्प्युटर अखेर विंडोज 11 वर गेला. विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले, पण कमिटीला ते पटायला तीन सभा लागल्या. आलेल्या मुलानं फॉरमॅट मारला, वर्ड-एक्सेल टाकलं आणि म्हणाला, "काका, डी ड्राइव्हला हातसुद्धा लावलेला नाही."

डी ड्राइव्ह जागेवर आहे. त्यातलं मराठी मात्र नाही. इतिवृत्त उघडावं तर कंस, टिंबं, रोमन अक्षरं. मोडी यापेक्षा सोपी गेली असती.

फायली शाबूत आहेत; गेलाय तो जुना फॉन्ट. तो सी ड्राइव्हवर होता. फॉरमॅट न मारता वरच्यावर अपग्रेड केलं असतं, तर दहा दिवसांत मागे फिरायची सोयही असते म्हणे. आता काय!

जुन्या फॉन्टची गंमत आज कळली. फाइलीत मराठी कधी नव्हतंच. आत रोमन अक्षरांचे आकडे, वर देवनागरीचा मुखवटा. म्हणूनच इतकी वर्षं 'गळती' शोधलं की एकही फाइल सापडायची नाही. गच्ची तर दर पावसाळ्यात गळते.

मंगल, कोकिळा हे फॉन्ट दिसत नसतील तर घाबरू नये. सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्स, तिथे देवनागरीचा पूरक संच. फुकट आहे, फक्त इंटरनेट हवं.

खजिनदारांच्या जुन्या लॅपटॉपवर आमचा फॉन्ट मिळाला. राइट क्लिक, इन्स्टॉल, वर्ड बंद करून पुन्हा सुरू. 2006 ची सभा लख्ख उघडली. विषय क्रमांक 1: गच्चीची गळती.

कन्व्हर्टरमधून ती युनिकोडमध्ये नेली. पहिली वेलांटी निम्म्या ठिकाणी शेजारच्या घरात. जुन्या पद्धतीत ती अक्षराच्या आधी लिहिली जायची, युनिकोडमध्ये नंतर साठवतात. रफाराचं नेमकं उलट. 'वर्गणी'वरचा रफार शोधत अर्धा तास गेला.

दोन कीबोर्ड आलेत, मराठी आणि मराठी फोनेटिक. विंडोजची कळ धरून स्पेस दाबली की बदलतात. पहिला इनस्क्रिप्ट. माझी बोटं त्यालाच सरावलेली; फोनेटिकवर स्वतःची सहीसुद्धा नीट होईना.

'दुसऱ्या' शोधलं, निम्मेच सापडले. डोळ्यांना दोन्ही सारखेच! इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबला की नुक्त्याचा ऱ येतो, त्याला हलन्त जोडून य. काही जण साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं चिन्ह घालतात. छापल्यावर फरक शून्य, शोधताना दोन वेगळे शब्द. जुन्या नोटिशींत 'दुसऱ्या मजल्यावरील' दोन्ही तऱ्हांनी आहे. माझ्याही हातून.

प्रिंटर अजून बोलत नाही. उद्या.