कांदेनवमीला येतेय

प्रिय आत्या,

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडा नाही झाला, तोच तुझी तक्रार! "महिनाभर कांदा चिरायचा नाही म्हणे. अगं, मला कांदा कधी झोंबलाय का?"

नाही ना झोंबला. तेच तर माझं दुखणं आहे.

आठवतं, निफाडला लग्नघरात मला कांद्यांवर बसवलं होतंस? चाळीतला उन्हाळ कांदा, पाटीभर. पाचव्याच कांद्याला माझ्या डोळ्यांतून धारा. साल डोक्यावर ठेव म्हणालीस, ठेवली. काडेपेटीतली काडी दातांत धर म्हणालीस, धरली. आणि मग ते ध्यान बघायला अख्खी भावकी गोळा केलीस! स्वतः मात्र विळीवर बसून उरलेली पाटी संपवलीस, डोळ्यांना पदर न लावता. "पुण्याची पोरगी, नाजूकच." तो शिक्का अजून पुसला नाही गं.

म्हणून खोलात शिरले. कांद्याच्या पेशीत गंधकाचं एक द्रव्य असतं आणि एक विकर, पण वेगवेगळ्या कप्प्यांत. चिरला की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते. त्यातून जे निघतं त्याचा आणखी एक विकर वायू करतं. तो बुबुळाला झोंबतो आणि डोळा स्वतःला धुऊन काढतो. हे दुसरं विकर जपानी संशोधकांनी २००२ साली दाखवलं. त्याबद्दल २०१३ मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं, ते आधी हसवणारं, मग विचार करायला लावणारं बक्षीस. लसणात हे विकर नाही. गड्डेच्या गड्डे सोल, रडू येत नाही.

आणि बोथट पातं पेशी कापत नाही, चेंगरतं. जितकं चेंगरेल तितकं झोंबेल. आता सांग, मला कुठली सुरी दिली होतीस? गोण्यांच्या सुतळ्या कापायची! तुझ्या विळीला मात्र मामा दर रविवारी ओट्यावर बसून कानस मारायचे. मग नाजूक कोण, आत्या?

बोलणार होते हे सगळं, गेल्या दिवाळीतच. पण तू कांदा चिरता चिरता पदराने डोळे पुसत होतीस. मी बघितलं तर म्हणालीस, "मोतीबिंदू गं, दुसरं काय." तू उठल्यावर मी विळीच्या पात्यावरून अंगठा फिरवला. साधा ओरखडासुद्धा उठला नाही.

कांदेनवमीला येतेय. कांदा मी चिरणार, भजी मीच तळणार, तू लांब बसायचं. फक्त मामांची कानस कुठे ठेवलीयस, तेवढं आठवून ठेव.

तुझी,
नाजूक पोरगी